पाठीची रात्रपाळी

आज रात्री झोपण्याआधी एक प्रयोग करा. अनवाणी, दाराच्या चौकटीला पाठ टेकवून ताठ उभे राहा. डोक्यावर पुस्तक आडवं ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी पेन्सिलीची खूण करायला सांगा. सकाळी जाग आली की चहाच्या आधी, आंघोळीच्या आधी, पुन्हा तिथंच उभे राहा. नवी खूण जुन्या खुणेच्या वर पडेल. वय पंचवीस असो की पंचावन्न, आपण सगळेच रात्रीतून उंच होतो.

किती उंच? १९८५ साली ब्रिटिश संशोधकांनी हे फार काटेकोरपणे मोजलं. दिवसभरात माणूस सरासरी १९ मिलिमीटरनं, म्हणजे पाऊण इंचानं, बुटका होतो. उंचीचा एक टक्का गेला! आणि हे सावकाश, दिवसभर चालत असेल असं वाटत असेल तर तसंही नाही. त्यातली निम्म्याहून जास्त घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते. तुम्ही दात घासून, गाडी काढून, नागपूरच्या प्रताप नगर चौकातून दुधाच्या पिशव्या घेऊन घरी येता तोवर एक सेंटिमीटर गेलेलासुद्धा असतो. रात्री भरपाई होते तीही अशीच घाईनं. जवळपास सत्तर टक्के उंची रात्रीच्या पहिल्या अर्ध्यातच परत येते.

हा पाऊण इंच जातो कुठं? आणि रोज रात्री येतो कुठून?

मणक्यामणक्यांच्या मध्ये चकत्या असतात. ‘गादी सरकली’ म्हणतो ती हीच. मानेपासून कंबरेपर्यंत अशा २३ चकत्या. प्रत्येकीचं बाहेरचं कडं चिवट तंतूंच्या थरांचं. एका थरातले तंतू डावीकडे तिरके, पुढच्या थरातले उजवीकडे, असं आलटून पालटून, म्हणजे कोणत्याही दिशेनं पिळलं तरी कुठला ना कुठला थर ताण घ्यायला तयारच. आणि या कड्याच्या आत मधोमध मऊ, ओला गर. या गरात ॲग्रिकन नावाचे अवाढव्य रेणू असतात. त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार ठासून भरलेला असतो. तो भार क्षार ओढून आणतो आणि क्षारांमागोमाग पाणी येतं.

तर्री पोह्यांसाठी रात्री भिजत घातलेले हरभरे डोळ्यांसमोर आणा. सकाळी टम्म फुगलेले, साल तटतटलेलं. आपण आडवे झालो, अंगाचं ओझं उतरलं, की चकतीतही तेच होतं. गर आजूबाजूच्या हाडांतून पाणी शोषतो आणि बाहेरचं कडं ताणलं जातं. हरभरा मात्र एकदाच फुगतो. चकती रोज रात्री फुगते, रोज दिवसा पिळली जाते, आणि हे सत्तर-ऐंशी वर्षं चालतं.

यातली खरी करामत अजून पुढंच आहे. मोठ्या माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात एकही रक्तवाहिनी नसते. शरीरातल्या बहुतेक पेशींना केसा-दोन केसांच्या जाडीएवढ्या अंतरावर रक्त मिळतं. चकतीच्या मधल्या पेशीला मात्र जवळात जवळची रक्तवाहिनी सहा ते आठ मिलिमीटरवर! रक्ताशिवाय जगणारा एवढा मोठा दुसरा अवयव आपल्या अंगात नाही. मग तिथं जेवण पोचतं कसं? वरच्या आणि खालच्या मणक्याला लागून कूर्चेचा पातळ पापुद्रा असतो, त्यातून झिरपत. साखर आणि प्राणवायू हे लहान रेणू आपापले चोवीस तास झिरपत राहतात. मोठ्या रेणूंना मात्र पाण्याच्या भरती-ओहोटीचा आधार लागतो. दिवसा ओझ्याखाली पाणी बाहेर, रात्री परत आत. तिथं ना पंप आहे ना नळ. आपलं उठणं आणि झोपणं हाच तो पंप.

आता एक शूर माणूस भेटवतो. चकतीवर नेमका किती दाब असतो हे बाहेरून मोजता येत नाही. स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजायला सुरुवात केली. पुढं जर्मनीतल्या उल्म इथल्या विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एका माणसाच्या कंबरेच्या चकतीतला दिवसरात्रीचा दाब प्रसिद्ध केला. पंचेचाळीस वर्षांचे हे गृहस्थ स्वतः अस्थिशल्यविशारद होते. दीड मिलिमीटर जाडीचा मापक त्यांच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीत बसवला, आणि तो तसाच ठेवून गृहस्थ उठले, बसले, चालले, जिने चढले, हसले, शिंकले आणि रात्री झोपलेसुद्धा! आपल्या कंबरेत सुई टोचायची म्हटली तरी घाम फुटतो.

त्या एका माणसाच्या कंबरेनं काय सांगितलं पाहा. पोटावर किंवा पाठीवर आडवं असताना दाब ०.१ मेगापास्कल. कुशीवर ०.१२. नुसतं उभं राहिलं की ०.५, म्हणजे एकदम पाचपट. वीस किलोचं ओझं कंबरेत वाकून, पाठ गोल करून उचललं तर २.३, झोपेतल्याच्या तेवीसपट! तेच ओझं गुडघ्यात वाकून उचललं तर १.७. नळ गेला म्हणून वीस लिटरची पाण्याची कॅन दारातून उचलून स्वयंपाकघरात नेता ना, तिच्यातल्या पाण्याचंच वजन वीस किलो असतं.

पण मला सगळ्यात भावला तो रात्रीचा आकडा. हा माणूस सात तास झोपला. काही उचललं नाही, कुठं वाकला नाही. तरी चकतीतला दाब ०.१ वरून ०.२४ पर्यंत चढत गेला. बाहेरून कुणी दाबत नव्हतं. चकती आतून भरत होती. झोपलेल्या माणसाच्या कंबरेत एक काम चालू आहे आणि ते आकड्यांत वाढताना दिसतंय, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो तक्ता परत परत पाहिला.

मग पडूनच राहिलं तर? जितकं फुगेल तितकं चांगलं, नाही का?

याचं उत्तर अंतराळातून आलं. तिथं वजनच नाही, त्यामुळे चकत्यांना पिळणारं कुणी नाही. अंतराळवीर काही सेंटिमीटरनं उंच होतात, आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची पाठ पहिल्या काही दिवसांत दुखते! गुडघे छातीशी घेऊन गोळा झालं की त्यांना बरं वाटतं. पृथ्वीवर परतल्यावर अंतराळवीरांना चकती सरकण्याचा धोका काही काळ नेहमीपेक्षा बराच वाढलेला असतो. म्हणजे चकतीला नुसतं ओझंही नको आणि नुसती सुटकाही नको. तिला लय हवी. भरायचं, पिळायचं, पुन्हा भरायचं.

आता पहाटेकडे येऊ, कारण इथं आपल्या सगळ्यांचा समज उलटा आहे. रात्रभर आराम झालेली पाठ सकाळी सगळ्यात ताजी, सगळ्यात मजबूत असणार असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्या वेळी चकती तटतटून फुगलेली असते, म्हणून वाकायला ताठर. ब्रिटनमधल्या ॲडम्स, डोलन आणि हटन यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की सकाळी पुढं वाकताना चकतीवर पडणारा ताण संध्याकाळच्या तुलनेत कित्येक पटींनी जास्त असतो. संध्याकाळी तेच वाकणं निम्मंही जड जात नाही.

आणि आपण सकाळी करतो काय? प्रताप नगरातल्या कुठल्याही गल्लीत सहा वाजता फिरून या. एक काकू फाटकासमोर कंबरेत वाकून झाडतायत. पाय सरळ, पाठ गोल, हात जमिनीपर्यंत. झाडून झालं की सडा, सडा झाला की त्याच पवित्र्यात रांगोळी. ठिपके मोजत पाच-सात मिनिटं तशाच वाकलेल्या. पलीकडे काका बादली उचलून गाडी धुतायत. वरच्या मजल्यावर कुणीतरी उठल्या उठल्या गार अंगानं सूर्यनमस्कार घालतंय आणि हस्तपादासनात तळवे टेकलेच पाहिजेत म्हणून झटतंय. ‘रात्रभर चांगला झोपलो होतो, सकाळी नुसता वाकलो तर उसण भरली कशी?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा घड्याळात असतं.

यावर अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला, १९९८ मध्ये. जुनाट कंबरदुखी असलेल्या लोकांना सांगितलं, उठल्यावर पहिले दोन तास कंबरेत वाकू नका. औषध नाही, यंत्र नाही, एवढंच. दुसऱ्या गटाला नावापुरते व्यायाम दिले. न वाकणाऱ्यांचं दुखणं लक्षात येण्याजोगं कमी झालं. नंतर दुसऱ्या गटालाही तेच सांगितलं, तर त्यांचंही झालं. पैसाही न लागणारा असा उपाय मला दुसरा माहीत नाही आणि तरी तो कुठल्याच दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला दिसत नाही. रांगोळी सोडायची गरज नाही. आधी चहा घ्या, थोडं चाला, चकत्यांतलं जास्तीचं पाणी उतरू द्या. मग पाटावर बसून काढा.

चकतीला वेळ कळते का? हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण मँचेस्टरच्या संशोधकांनी तो खरोखर विचारला. दिवसरात्रीचं घड्याळ मेंदूत असतं हे आपण ऐकून असतो. २०१७ चं वैद्यकाचं नोबेल त्या घड्याळाच्या यंत्रणेलाच मिळालं. त्याच वर्षी मँचेस्टरच्या गटानं दाखवलं, की उंदरांच्या चकतीतल्या पेशींचं स्वतःचं वेगळं घड्याळ आहे. त्या घड्याळाचं एक चाक, म्हणजे एक जनुक, काढून टाकलं तर चकत्या झिजायला लागल्या.

पण प्रकाश नाही, रक्त नाही, अशा काळोख्या जागी हे घड्याळ रोज जुळवतं कोण? २०२३ मध्ये त्याच गटानं उत्तर दिलं: ओझं आणि क्षार. सकाळी आपण उभे राहतो, चकती दाबली जाते, पाणी निघून जातं, उरलेल्या पाण्यात क्षार दाट होतात, आणि तो दाटपणा पेशींना सांगतो की दिवस उजाडला. उजेड न पाहता सकाळ ओळखायची! मिहानमधल्या कंपनीत रात्रपाळी करून सकाळी आठला परतणाऱ्या मुलाच्या शरीरात मग काय गोंधळ होत असेल याची कल्पना करा. मेंदूला डोळ्यांकडून एक वेळ कळतेय आणि कंबरेला ओझ्याकडून दुसरीच.

इथवर सगळं पाण्याचं आणि ओझ्याचं झालं. पाठदुखीची गोष्ट एवढ्यावर संपली असती तर फार सोपं होतं. चकती झिजली की दुखणार, नाही झिजली की नाही दुखणार. पण एमआरआयनं या सोप्या हिशेबाची पार वाट लावली.

ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा माणसांचे एमआरआय गोळा करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा निघाला. विशीतल्या बिनदुखण्याच्या लोकांतही ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरात ९६ टक्के. चकती फुगून बाहेर आलेली, ती विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. या सगळ्यांना काही होत नव्हतं! उलट, ज्यांच्या अहवालात बोट ठेवण्यासारखं काही सापडत नाही अशी कितीतरी माणसं कण्हत असतात. अहवालात ‘गॅप आली’ हे वाचून धास्तावलेल्या प्रत्येकाला हे आकडे दाखवावेसे वाटतात.

मग दुखतं कुठं? दुखण्याची बातमी कंबरेतून निघते, पण दुखणं तयार होतं मेंदूत. आणि वाटेत तिच्यावर मोठे संस्कार होतात. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे, ते वेदनेचे संदेश कधी सोडतं, कधी अडवतं. पुढं कळलं की मेंदू स्वतःच वरून खाली निरोप पाठवून हे फाटक ओढून घेऊ शकतो. १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच बनणारे अफूसारखे पदार्थ सापडले. वेदनेवरचं औषध प्रत्येकाच्या डोक्यात तयार होतंय! प्रश्न एवढाच, ते रोज नीट वाटलं जातं का?

आणि इथं झोप येते.

त्याच १९७५ साली कॅनडात टोरांटोमध्ये हार्वे मोल्डोफ्स्की यांनी काही निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं. गाढ झोप लागली की आवाज करायचा. पूर्ण जाग येईल इतका मोठा नाही, फक्त गाढ झोप उथळ होईल एवढाच. मुलं रात्रभर झोपलेलीच होती. तरी काही रात्रींत त्यांचं अंग दुखू लागलं, स्नायूंत दाबलं की ठणकणारे बिंदू तयार झाले. कुणी धावलं नव्हतं, कुणी ओझं उचललं नव्हतं. नुसती झोप खरवडली होती.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मायकेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यापेक्षा बारीक प्रश्न विचारला. निरोगी स्त्रियांचे गट केले. एका गटाला रात्रीतून वारंवार उठवलं. दुसऱ्या गटाला उशिरा झोपवून एकूण झोप तेवढीच कमी दिली, पण मिळाली ती सलग. तासांची बेरीज सारखीच. मग त्यांच्या मेंदूची वेदना दाबण्याची ताकद तपासली. तुकड्यातुकड्यांत झोपलेल्यांची ती ताकद ढासळली. सलग पण थोडं झोपलेल्यांची टिकली!

म्हणजे किती झोपलो यापेक्षा किती वेळा उठलो हे पाठीला जास्त कळतं. आता आपल्या भोवती पाहा. दर दोन तासांनी बाळाला घ्यायला उठणारी बाळंतीण आठवा. तिची कंबर दुखते त्याला बाळंतपण, वाकणं, उचलणं अशी कारणं आहेतच, पण तिच्या तुटक झोपेचा हिशेब कुणी धरत नाही. साखरेमुळं किंवा प्रोस्टेटमुळं रात्रीतून चारदा उठणारे आजोबा. लग्नसराईतला डीजे, रिंग रोडवरचे ट्रक, डासांमुळं तासातासाला खाजवत कूस बदलणारे आपण सगळेच. आणि घोरणारी माणसं. काहींचा श्वास झोपेत अडतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, पुन्हा झोपतो. सकाळी त्यांना एकही जाग आठवत नाही. ‘मी तर आठ तास ढाराढूर झोपतो’ असं ते छातीठोकपणे सांगतात.

एका रात्रीच्या जागरणानं मेंदूत काय होतं हे २०१९ मध्ये बर्कलीच्या क्राउझ, वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रात पाहिलं. लोकांच्या पायाला चटका बसेल न बसेल अशी उष्णता द्यायची आणि मेंदूची प्रतिमा घ्यायची. जागरणानंतर कमी उष्णताही बोचू लागली. मेंदूचा वेदना नोंदवणारा भाग जास्त पेटला. त्याच वेळी, वेदनेचं मोल ठरवून तिला आवरणारे भाग मंदावले. दुखणं तेवढंच, पण ते मोठ्यानं ऐकू येतं आणि गप्प करणारं कुणी जागेवर नाही.

पाठ दुखते म्हणून झोप लागत नाही, की झोप लागत नाही म्हणून पाठ दुखते? दोन्ही खरं आहे. पण माणसांचा महिनोन्‌महिने माग काढणारे अभ्यास २०१३ मध्ये एकत्र पाहिले गेले, तेव्हा झोपेचं पारडं जड निघालं. आजच्या वाईट झोपेवरून उद्याचं दुखणं जितकं ओळखता येतं, तितकं आजच्या दुखण्यावरून उद्याची झोप ओळखता येत नाही. पाठदुखीच्या रुग्णाला आपण कुठं दुखतं, कधीपासून दुखतं हे विचारतो. झोपता कसे, हे कितीसे लोक विचारतात?

गाढ झोपेनंतर, विशेषतः पहाटेकडे, स्वप्नांची झोप येते आणि तेव्हा आणखी एक अचाट गोष्ट घडते. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये मिशेल झुव्हे यांनी मांजरांमध्ये ती पाहिली. स्वप्न सुरू झालं की मेंदू अंगातले जवळजवळ सगळे स्नायू बंद करून टाकतो. डोळे हलत राहतात, श्वासाचा पडदा चालू राहतो, बाकी सगळं सैल. स्वप्नात आपण पळतो पण अंथरुणातून उठून पळत नाही ते यामुळे. पाठीच्या ज्या स्नायूंनी दिवसभर आपल्याला उभं धरलं, आणि दुखऱ्या पाठीत जे भीतीनं आवळून बसलेले असतात, त्यांना अशी पूर्ण सुट्टी फक्त इथंच मिळते. गादीवर जागं पडून कितीही ‘सैल सोडा’ म्हटलं तरी एवढी सैल अवस्था येत नाही.

नागपुरात या झोपेचा मोठा शत्रू एकच, मे महिना. झोप लागायला शरीराच्या आतलं तापमान उतरावं लागतं, रात्रीतून साधारण एक अंश. ते उतरतं तळहात-तळपायांतून. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर सोडतात. म्हणूनच १९९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांना आढळलं, की ज्यांचे पाय उबदार त्यांना झोप लवकर लागते. पाय उबदार होतात कारण अंग आतून निवत असतं. झोपण्याच्या तास-दोन तास आधी केलेली कोमट पाण्याची आंघोळ झोप आणते तीही याच वाटेनं. आणि स्वप्नांच्या झोपेत शरीर तापमान सांभाळणंच जवळजवळ सोडून देतं, त्यामुळे उकाडा सर्वांत आधी तिच्यावर घाला घालतो.

दिवसा पारा पंचेचाळिसावर, रात्री भिंती ऊन ओकतायत, मग उष्णता सोडायची कुठं? आपल्या आजी-आजोबांकडे उत्तर होतं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, रात्री तिथंच अंथरायचं. पाणी वाफ होताना गच्चीची उष्णता घेऊन जातं, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या, निरभ्र आकाशाकडे अंगाची उष्णता थेट निघून जाते. कूलरची ताटीही त्याच वाफेवर चालते. म्हणून तो मेमध्ये जीव वाचवतो आणि जुलैत, हवेत ओल भरली की, नुसती चिकचिक करतो. तेव्हा ताटीला पाणी न सोडता नुसता पंखा चालवलेला बरा.

राहिली गादी. आपण कापसाच्या मुलखातले. नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल उभी राहिली आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही इथंच आहे. नवी भरलेली कापसाची गादी मऊ असते, वर्षभरात दबून घट्ट होते, कंबरेखाली खळगा पडतो, मग पिंजारी बोलवायचा. पाठ दुखली की मात्र डॉक्टर सांगायचे, तक्तपोसावर झोपा, जितकं कडक तितकं चांगलं. हा सल्ला पिढ्यानपिढ्या चालला आणि तो काटेकोरपणे फारसा कुणी तपासून पाहिला नव्हता! स्पेनमध्ये कोव्हाक्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांना गाद्या दिल्या, निम्म्यांना कडक, निम्म्यांना मध्यम. कोणाला कोणती, हे त्यांना सांगितलं नाही. ९० दिवसांनी मध्यम गादीवाले जास्त बरे होते, अंथरुणात असतानाही आणि उठतानाही. कुशीवर झोपलं तर खांदा आणि नितंब थोडे रुततील, पण कंबर लोंबकळणार नाही, एवढी गादी पुरते. गुडघ्यांमध्ये एक उशी घेतली तर वरचा पाय कंबरेला पिळत नाही. पाठीवर झोपणाऱ्यांनी तीच उशी गुडघ्यांखाली घ्यावी. महागड्या जाहिरातींतल्या बाकीच्या गोष्टी मी मनावर घेत नाही.

पण झोप चांगली म्हणून दिवसाही पडून राहायचं असं नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये पाठदुखीच्या रुग्णांपैकी एका गटाला दोन दिवस आणि दुसऱ्याला सात दिवस अंथरुणात राहायला सांगितलं. सात दिवसवाल्यांना तसूभरही जास्त फायदा झाला नाही, फक्त कामाचे दिवस जास्त बुडाले. १९९५ मध्ये हेलसिंकीत तर झेपेल तशी नेहमीची कामं करत राहिलेले लोक अंथरुणात पडलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. दिवसा चाला, म्हणजे चकत्या पिळल्या जातील. रात्री झोपा, म्हणजे भरतील. निद्रानाश जुनाट असेल तर गोळ्यांआधी झोपेच्या सवयी बदलण्याचं मानसोपचाराचं शास्त्र आहे. त्यानं बहुतेकांची झोप सुधारते. दुखण्यात मात्र प्रत्येकाला तेवढाच फरक पडतो असं नाही.

एका प्रकारच्या पाठदुखीत मात्र हे सारं उलटं चालतं. विशी-तिशीतला मुलगा, रात्रीच्या उत्तरार्धात दुखून जाग येते, सकाळी पाठ अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली, आणि आरामानं वाढणारं दुखणं हिंडल्या-फिरल्यावर कमी होतं. हे चकतीचं दुखणं नसून बऱ्याचदा सांध्यांच्या सुजेचं असतं. रोगप्रतिकार यंत्रणाच स्वतःच्या मणक्यांवर उठलेली असते, आणि ती यंत्रणाही घड्याळ पाळते: सूज आवरणारं कॉर्टिसॉल मध्यरात्री सगळ्यात कमी, सूज वाढवणारे रेणू पहाटेकडे जास्त. रात्रंदिवस न थांबणारं दुखणं, सोबत बारीक ताप आणि वजन उतरणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा क्षयही मनात धरावा लागतो. पायातली शक्ती गेली, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला किंवा लघवी अडली, तर सकाळपर्यंतही थांबायचं नाही. अशा पाठीचं गादी बदलून काही होत नाही. त्याच रात्री दवाखाना गाठावा लागतो.